दुपारची टाकी

प्रेमदास चहा उभ्यानं प्यायचा. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की तिला उलटा हात लावून बघायचा. एप्रिल लागला की सायकलीच्या चाकांतली थोडी हवा सोडून द्यायचा. बोलता बोलता उठायचा, दोन पावलं जाऊन परत यायचा. बसलाच तर गुडघा हलत राहायचा.

गेल्या मंगळवारी सेलूच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. वय चौतीस. मला अजून ते खरं वाटत नाही.

प्रेमदास ठूल आमच्या गावच्या सामायिक गोबरगॅसचा मिस्त्री. वर्ध्याला वेल्डिंग शिकून आला होता. १९८० साली गावाबाहेर शेणकाल्याचा खोल खड्डा बांधला. त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी त्याच्याच हातची. गॅस साठला की टाकी वर येते, शेगड्या पेटल्या की खाली बसते. नळी बारा घरांत गेली. बाराही घरं आमच्या बाजूची, कास्तकारांची. प्रेमदासच्या बौद्धपुऱ्यातल्या सहा घरांना पुढच्या खेपेला द्यायचं ठरलं. शेण मात्र त्यांच्याकडूनही पहिल्या दिवसापासून येत होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात एक घोळ झाला. दुपारी टाकी चढायची. संध्याकाळी शेगड्या पेटायच्या आधीच ती उतरलेली असायची. नळी गळते, असं गावानं ठरवून टाकलं.

"प्रेमदास, जोड कच्चे ठेवले का रे?" सरपंच मधुकररावांनी चारचौघांत विचारलं.

हे त्याला लागलं. साबणाचा फेस घेऊन तीन दिवस तो एकेका जोडावर वाकला. एकही बुडबुडा आला नाही. चौथ्या दिवशी मुख्य नळच बंद केला, तरी संध्याकाळी टाकी उतरली. पाचव्या दिवशी तो सकाळपासून टाकीजवळ येरझारा घालत राहिला. दुपारी मी त्याला जेवायला बोलवायला गेलो.

"अबे बीए, इकडे ये. हात लाव."

टाकी तव्यासारखी तापली होती.

"गॅस तोच आहे. तापला का फुगते, निवला का आकसते. गळत नाई, अन् कोनी चोरूनबी नाई राह्यलं."

"मग भाऊ, खरा किती आहे?"

"पहाटे दिसते तेवढा. दुपारची टाकी लबाड आहे."

मराठी घेऊन बीए झालेल्या, बासष्ट ओव्या पाठ असलेल्या मला हे ठाऊक नव्हतं. मी हात चोळत उभा राहिलो.

८२च्या मे महिन्यात सहा घरांच्या मंजुरीसाठी वर्ध्याहून साहेब आले. टाकीवर एक लाल रेघ होती. सगळ्या शेगड्या बंद असताना रेघ काल्याच्या वर राहिली, तर गॅस पुरेसा. साहेब बसनं येत. बस बारा वाजता यायची.

सगळा बौद्धपुरा जमला होता. प्रेमदासची चुलती मीराबाई पुढं उभी होती. चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम लाल असत. रेघ तीन बोटं वर होती. साहेबांनी पेन काढलं. प्रेमदासचे पाय एका जागी ठरेनात. मला वाटलं, आनंदानं.

"साहेब, थांबा जरा," तो म्हणाला आणि विहिरीकडं धावला.

गार पाण्याच्या बादल्या तो टाकीवर ओतू लागला. पहिल्या बादलीला वाफ उठली. दहा झाल्या, वीस झाल्या. टाकी कुरकुरली आणि हळूहळू बसली. लाल रेघ काल्यात बुडाली.

"हे काय केलंत?" साहेब म्हणाले.

"पहाटेची टाकी दाखवली. हिवाळ्यात याच्याहूनबी खाली असते. शेवटच्या सहा घरात नळी येईल, पन जाळ नाई येनार."

मंजुरी राहून गेली.

"लोकायच्या शेगड्या पेटवते अन् आपल्याच चुलीवर पानी ओतते!" मीराबाई ओरडली. "काऊन रे, तुले कोनी इचारलं होतं?"

तो बादली ठेवायला निघून गेला. मी मागं गेलो.

"मंजुरी घेऊन मग बोलायचं होतं, भाऊ."

"मंग कोन ऐकते? कागदावर लिहिलं जाते, यायले गॅस देला. शेगडी नाई पेटली तं म्हनतीन, यायले वापरताच येत नाई."

साहेब माणूस बरा निघाला. जाताना म्हणाला, "डिसेंबरात मुक्कामाला येतो. पहाटे बघू. रेघ वर दिसली तर सहाही घरं."

डिसेंबरातली पहाट म्हणजे सगळ्यात अवघड. गॅस आकसतो, आणि गारठ्यानं शेणातून नवा गॅसही कमी येतो. प्रेमदासला उकिरडा आठवला. उकिरडा थंडीतही आतून गरम असतो. खड्ड्याभोवती चर खणायचा, त्यात कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, आणि ओलं शेण दाबून भरायचं, म्हणजे ती ऊब काल्याला लागेल. दिवाळी झाली आणि तो खणू लागला. दिवसा लोकांची कामं करायचा, मध्येच पळत येऊन चार कुदळी मारायचा. तिसऱ्या दिवशी मीराबाई शेणाची टोपली घेऊन आली. शिव्या देतच आली आणि शिव्या देतच शेण भरू लागली.

पहिली बाजू भरली तेव्हा पहाटेची टाकी एक बोट चढली. तिसरी बाजू भरल्यावर रेघेची वरची कड काल्याबाहेर दिसली. मग गावातलं कुटार संपलं. मी म्हटलं, रविवारी बंडी जुंपून आणू. त्याला तेवढा धीर कुठला? तो सायकल घेऊन सेलूला गेला.

साहेब बावीस तारखेला येणार आहेत. आज पंधरा.

चराची चौथी बाजू बौद्धपुऱ्याकडची. तिथं त्यानं दोन खुंट्या ठोकून दोरी ताणली आहे. खणायचं राहिलं.