बोरी अरबला तेल गळालं

मी माझ्या गाडीचं तेल आयुष्यात एकदाच स्वतः बदललं. ते चुकीच्या जागेचं बदललं, हे मला दुसऱ्या दिवशी बोरी अरबला, अनोळखी लोकांच्या घरी पोहे खाताना कळलं.

प्रसंग माझ्या मेहुण्याच्या, विलासच्या, लग्नाचा होता. विलास घाटंजीकडच्या एका खेड्यात वडलांसोबत शेती करायचा. शेतात कपाशी. ती वर्षंच अशी होती की कापूसवाल्या पोराचं स्थळ म्हटलं की मुलीकडचे 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. एका घरी तर शेतीचं नाव निघाल्यावर आत उकळत असलेला चहा बाहेर आलाच नाही. विलास आधीच अबोल. त्यानंतर तो फक्त बैलांशी बोलतो, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. (बैलांचं म्हणणं कोणी विचारलं नाही.)

त्यामुळे बोरी अरबच्या दिगांबररावांचा 'येऊन मुलगी पाहून जा' असा निरोप आला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, नामदेवरावांनी, म्हणजे मामाजींनी, मनाशी बेत पक्का केला. विलास यवतमाळात कृषी केंद्र, म्हणजे बी-बियाण्यांचं दुकान, टाकणार आहे असं सांगायचं, आणि बसनं न जाता जावयाच्या गाडीतून जायचं. जावई मी, यवतमाळात कचेरीतला कारकून. गाडी माझ्या आधी दोघांनी वापरलेली, पण पांढरी होती आणि लांबून बरी दिसायची.

एवढ्या मोठ्या कामाला जायचं तर गाडीत ताजं तेल हवं, असं मला वाटलं. मेकॅनिक नेमका गावाला गेलेला. पण त्याला तेल बदलताना मी चहा पीत एकदा पाहिलं होतं, आणि पाहिलं म्हणजे आलं, असा आम्हा कचेरीतल्या लोकांचा समज असतो. गाडीखाली शिरलो, एक बोल्ट दिसला, तो खोलला. घमेल्यात तेल आलं. तेही मधासारखं स्वच्छ.

"जुनं तेल इतकं साफ कसं काय हो?" माझ्या बायकोनं, सुनंदानं, विचारलं.

"गाडी जपली की असंच निघते," मी म्हटलं.

बोल्ट बसवला आणि वरून इंजिनात नवं तेल ओतलं. मोजपट्टी बुडवून पाहिली तर तेल खुणेच्या कितीतरी वर. मी म्हटलं, असू द्या, पाहुण्यांकडे जायचं आहे, कमी नको पडायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी आणि विलास यवतमाळला आले आणि आम्ही निघालो. माझ्या शेजारी मामाजी, कडक टोपी घालून. मागे सुनंदा आणि नव्या शर्टात आखडून बसलेला विलास. दारव्हा रस्त्याला लागलो आणि खालून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग पिठाच्या गिरणीसारखा.

"जवाईबापू, हा आवाज कायचा हो?"

"काही नाही मामाजी. नवं तेल आहे. बसून राह्यलं."

"तेल बसते?"

"बसते."

मामाजींनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मुलगी दिली होती. थोड्या वेळानं सुनंदा म्हणाली, "अहो, मांगून धूर येऊन राह्यला. मांगची गाडी दिसतच नाही."

मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि इंजिनाकडे गंभीरपणे पाहिलं. त्यापलीकडे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. तेल कमी पडलं असेल असं वाटून डब्यात उरलेलंही ओतून टाकलं. त्यानंतर धूर निळा झाला.

बोरी अरबला शिरेपर्यंत गिअर पडेना. दिगांबररावांच्या गल्लीत आम्ही पहिल्याच गिअरमध्ये, गर्जना करत शिरलो. लोक घराबाहेर आले. दिगांबरराव स्वागताला फाटकात उभे होते. ते आधी दिसत होते, मग धुरात दिसेनासे झाले. धूर विरला तेव्हा ते तसेच हात जोडून उभे होते. गाडी अंगणात ओट्याशी जाऊन आपोआप बंद पडली. मामाजी टोपी सावरत उतरले. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा देखावा करायचा ठरवला होता, आणि तो मी असा करून दिला होता.

पोहे आले. अर्चना, म्हणजे मुलगी, पाणी ठेवून समोर बसली. मामाजींनी ठरल्याप्रमाणे कृषी केंद्राचं सांगितलं. विलासनं मान खाली घातली. दिगांबररावांनी अंगणाकडे पाहत मला विचारलं, "गाडीले काय झालं असन?"

"काय की. कालच तेल बदललं मी."

"जुनं कसं निघालं? काळं?"

"नाही, नाही. एकदम साफ. मधासारखं."

दिगांबररावांकडे ट्रॅक्टर होता. त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि माझ्याकडे नुसते पाहत राहिले. घास माझ्या तोंडातच राहिला. इंजिनाचं जळलेलं तेल मधासारखं कसं निघेल? मी गिअरबॉक्सचं तेल काढलं होतं. गिअरबॉक्स यवतमाळपासून कोरडा घासत आला होता, आणि इंजिनात जुन्यावर नवं, मग आणखी, असं दुप्पट तेल भरलं होतं.

मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. अर्चनानं पदर तोंडाला लावला. मामाजींनी डोळे मिटले.

दिगांबरराव मात्र उठले. "चला नामदेवराव, बजारातून गिअरचं तेल आणू. जवाईबापू, तुम्ही तोवर इंजिनातलं जास्तीचं काढा. जास्तीचंच फक्त." ते मामाजींना फटफटीवर मागे बसवून घेऊन गेले. सुनंदाला अर्चनाच्या आईनं स्वयंपाकघरात नेलं. मी जुना सदरा मागून घेतला आणि गाडीखाली शिरलो. या वेळी बरोबर बोल्ट खोलला.

तेल घमेल्यात पडत होतं, तेवढ्यात ओट्यावरून खाली सोडलेले चार पाय दिसले. दोन विलासचे. दोन जोडव्यांशिवायचे.

"कृषी केंद्र कुठं टाकून राह्यले तुम्ही?" अर्चनानं विचारलं.

विलासचे हलणारे पाय थांबले. मग म्हणाला, "केंद्र-बिंद्र काही नाही. शेती आहे. कपाशी लावतो. यंदा तेबी बरोबर नाही झाली."

"मंग बाबा तुमचे काहून तसं बोलले?"

"खरं सांगतलं तं लोक चहा बी देत नाहीत. त्यायले वाईट वाटते. मले बी वाटते."

मी श्वास रोखून पडलो होतो. हललो असतो तर ऐकतोय हे कळलं असतं. तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तिथून काखेत.

"पऱ्हाटीत तूर लावता का?" तिनं विचारलं.

"लावतो. कपाशीच्या मधात ओळी आहेत तुरीच्या."

"मंग वरणाची तं चिंता नाही," ती म्हणाली.

विलास हसला. त्याचं हसणं मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. मग तो बोलायला लागला: जमिनीबद्दल, विहिरीबद्दल, बैलांबद्दल. ती मध्येमध्ये विचारत होती, तिच्या घरीही कपाशीच होती. ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले, आणि बोल्ट परत लावायचा राहून गेला. घमेलं काठोकाठ भरलं. इंजिनात थेंब उरला नाही.

दिगांबरराव आणि मामाजी तेल घेऊन परत आले, त्यांनी घमेलं पाहिलं. दिगांबररावांनी फटफटी परत वळवली. मामाजींना म्हणाले, "चला, पुन्हा जाऊ." आणि आत आवाज दिला, "जेवून जातीन पाहुणे."

जेवताना अर्चना वडलांच्या कानाशी काहीतरी बोलली. निघायच्या वेळी दिगांबररावांनी मामाजींचा हात धरला. "नामदेवराव, केंद्राचं राहू द्या. शेतीच करू द्या पोराले. आमचं ठरलं."

मामाजींनी आपला दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला. गाडीत बसल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. वाटेत कितीतरी वेळानं त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. गिअरबॉक्स अजून कण्हत होता, पण कोणी त्याबद्दल विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मामाजींचा फोन आला. पुतण्यासाठी मुलगी पाहायला जायचं होतं. "जवाईबापू, गाडी पाह्यजे होती तुमची."

"आणतो ना मामाजी," मी म्हटलं. "काळजीच करू नका. आता नवी घेतली, आणि परवाच मेकॅनिककडून सगळं करून आणलं. एकदम ठणठणीत आहे."

"ठणठणीत आहे?" मामाजी म्हणाले. "मंग राहू द्या. आम्ही बसनंच जातो."