धुतलेला डबा

माझी वहिनी आहारतज्ज्ञ. सरकारी इस्पितळात तेहतीस वर्षं एकाच खोलीत बसून तिने लोकांना कसं जेवायचं ते सांगितलं. तिच्या मागच्या भिंतीवर सरकारने पाठवलेलं ताटाचं मोठं चित्र असायचं. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, पाव ताटात धान्य, उरलेल्यात कडधान्यं, मासे, अंडी, आणि कोपऱ्यात तेलाचा जेमतेम एक थेंब. काही वर्षांनी नवं चित्र यायचं. मग वहिनी जुनं उतरवायची, नवं लावायची आणि त्या दिवसापासून नव्याशी एकनिष्ठ राहायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, मागच्या चित्रात अंडं वाईट होतं, आता चांगलं कसं झालं? सुधारलं का?" ती हसली नाही. विनोद तिला कळायचा, पण जेवणाच्या बाबतीत नाही.

आधीच सांगून टाकते, मला ती फारशी आवडायची नाही. पाहुणी म्हणून गेले तरी माझ्या भाताचं वजन व्हायचं. ओट्यावर काटा, काट्यावर वाटी, आणि वाटीकडे डोळे बारीक करून बघणारी वहिनी. भूक लागलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला खपायचं नाही.

दादा मात्र निमूट जेवायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं दुकान आणि माझं शिवणाचं दुकान शेजारी शेजारी, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्याला मधुमेह होऊन दहा वर्षं झाली होती आणि शेवटची दोन वर्षं इन्सुलिन चालू होतं. रोज सकाळी वहिनी स्वतः सुई टोचायची, मोजून भरलेला डबा हातात द्यायची आणि वहीत लिहायची: भात इतके ग्रॅम, भाजी इतकी, फळ अमुक. संध्याकाळी डबा रिकामा आला की त्या ओळीपुढे बरोबरची खूण. डॉक्टर ती वही बघून इन्सुलिन ठरवायचे आणि म्हणायचे, असा रोगी आणि अशी बायको रोज भेटत नाही.

मग दादाच्या दुकानात एक निवृत्त मास्तर मनगटी घड्याळ घेऊन आले. त्यांनी वर्षभर भात, पाव, बटाटा, साखर सगळं सोडलं होतं. अंडी, लोणी, चीज, मासे, पालेभाज्या, बस्स. पोट गेलं होतं, गोळ्या सुटल्या होत्या, आणि तोंड मात्र सुटलं होतं ते थांबत नव्हतं. चरबी खाऊन चरबी वाढत नाही, सरकारी तक्ता कारखानदारांनी लिहून घेतलाय, असं ते तासभर सांगत बसायचे. मी भिंतीपलीकडून ऐकायची. अर्धं पटायचं, अर्धं फेकाफेक वाटायचं.

दादाला पटलं. त्याने एका रविवारी जेवताना चाचरत विषय काढला. मी तिथेच होते. वहिनीने चमचा खाली ठेवला.

"तेहतीस वर्षं मी लोकांना काय वेड्यासारखं सांगत बसलेय? हजारो माणसं माझ्यापुढून गेली. आणि तुम्ही एका मास्तराचं ऐकून मला शिकवणार?"

"नाही ग, मी आपलं विचारलं," दादा म्हणाला आणि पुढ्यातला भात संपवला. ती इतकी तडकलेली मी आधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डबा घेऊन माझ्या दुकानात आला. "छोटे, तुझ्या शेगडीवर मला तीन अंडी करून दे. लोण्यात. आणि हा डबा तू खा."

"आणि वहिनी?"

"तिला कळायला नको. तिचा जन्म गेलाय त्या तक्त्यात. मी सोडला तर तिला वाटेल, घरातलाच माणूस उलटला."

मी हसले. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. वहिनीच्या नाकावर टिच्चून काहीतरी करायला मिळत होतं. चार महिने मी तिचा मोजलेला भात खाल्ला, डबा धुऊन दादाच्या हाती दिला, आणि ती संध्याकाळी त्यापुढे खूण करत गेली. माझं वजन वाढलं. दादाचं उतरलं. तीन महिन्यांची रक्ततपासणी इतकी छान आली की वहिनीने तिचा आलेख, नाव न घालता, इस्पितळात ताटाच्या चित्राशेजारी लावला. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची. "बघा, नुसतं मोजून खाल्लं तर काय होतं." हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरली. दादाला सांगितल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

एकच तक्रार होती. दुपारी तीनच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. मास्तर म्हणाले, शरीर जुनी सवय सोडताना कुरकुर करतं, जाईल. मी त्याला दोन चमचे साखर घालून चहा द्यायची की पंधरा मिनिटांत बरा व्हायचा. सकाळचं इन्सुलिन दुपारच्या भाताच्या हिशोबाने टोचलेलं असतं आणि तो भात माझ्या पोटात जातो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ज्या एका माणसाला हे चुटकीसरशी कळलं असतं, तिच्यापासूनच तर आम्ही लपवत होतो.

मग एका मंगळवारी जेवण झाल्यावर मी एका गिऱ्हाइकाकडे कपड्यांची मापं घ्यायला गेले. तीनचा चहा कोणी केला नाही. साडेपाचला परत आले तर दादा टेबलावर डोकं टेकून होता, घड्याळं बघायचं भिंग तसंच एका डोळ्याला, शर्ट ओलाचिंब. हाक मारली, हलवलं. उठला नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, दुपारी काय खाल्लं होतं? वहिनीने पिशवीतून वही काढली आणि वाचून दाखवली. भात, भाजी, फळ, सगळं ग्रॅममध्ये. आवाज स्थिर होता. डॉक्टर म्हणाले, एवढं खाल्लं असेल तर साखर इतकी खाली जाणारच नाही, सकाळी इन्सुलिन जास्त भरलं गेलं असेल. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या शेजारी उभी होते. तोच भात खाऊन. बोलले नाही.

दादा वाचला. आम्हाला ओळखतो, थोडं बोलतो. पण मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती. चिमट्यात स्क्रू धरता येत नाही, आणि आत्ता घडलेलं घटकाभरात विसरतो. दुकान विकलं. वहिनीने नोकरी सोडली. त्या खोलीत बसायचा मला अधिकार नाही, एवढंच म्हणाली.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यात पाण्याचा पेला आणि इन्सुलिनची सुई. वीसच्या रेघेपर्यंत सुईत पाणी भरायचं, उजेडाकडे धरायचं, रिकामं करायचं, परत भरायचं. नवा चष्मा होता.

"बघ ग, किती दिसतंय तुला? मला वीसच दिसतंय. त्या दिवशीही वीसच दिसलं होतं."

मला ते बघवलं नाही. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. अंडी, डबा, तीनचा चहा, मंगळवार. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. ती ओरडेल, हाकलून देईल, अशी वाट बघत होते. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने सुई खाली ठेवली.

"मी वाचलं होतं ते सगळं," ती म्हणाली. "मास्तर येण्याच्या आधीपासून वाचत होते. काही लोकांना लागू पडतं ते, पुरावा आहे. नोकरीवर मला बोलता येत नव्हतं. आणि त्या रविवारी मी यांच्यावर ओरडले, कारण माझीच खात्री डळमळली होती." तिने पेला बाजूला सारला. "भात बंद करायला माझी ना नव्हती ग. दोनदा विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. मला सकाळचं इन्सुलिन तेवढं कमी करून घ्यावं लागलं असतं. एवढंच होतं."

आतल्या खोलीतून दादाने हाक मारली. "अगं, माझं जेवण झालं का?"

अर्ध्या तासापूर्वीच झालं होतं, ताट अजून ओट्यावर होतं. वहिनी उठली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"जा, तू सांग त्यांना," ती म्हणाली. "खरं सांग."