परीक्षेची केस

भाजलेल्या काजूंचा वास आला की मला आजऱ्याची ती आठ वर्षांची मुलगी आठवते. थॅलेसेमियामुळे तिला दर महिन्याला रक्त चढवावं लागे. मी तेव्हा मेडिकल कॉलेजात शिकवत होतो आणि ती रक्तासाठी आली त्या दिवशी विद्यार्थ्यांची परीक्षा होती. इतका फिकटपणा, पोटात इतकी वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, पुन्हा दाखवायला मिळणार नाही, म्हणून परीक्षा संपल्यावरच रक्त लावायचं मी ठरवलं. विद्यार्थी एकामागून एक तिचं पोट दाबून बघत होते. "अजून किती जणं हायती? माझं पोट काय कणकीचा गोळा हाय व्हय?" ती म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. दुपारी तिला धाप लागली. काजू फोडून काळ्या पडलेल्या हातांनी तिच्या आईनं माझा हात धरला. "सायेब, आता तरी लावा की रक्त." "दोनच विद्यार्थी राहिलेत," मी म्हणालो. ते दोघे संपायच्या आत ती गेली. तिच्या गटाचं रक्त मिळालं नाही, असं मी आईला सांगितलं आणि केसपेपरवरही तेच लिहिलं. "तुमी तरी काय करणार, सायेब," म्हणत तिनं त्याच हातांनी मला नमस्कार केला. बाई, रक्ताची पिशवी सकाळपासून फ्रिजमध्ये होती, आणि तिच्यावर तुमच्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं.