मालिकेतली सून

नाशिकहून घोटीला परतताना कामावरून येणारी एक बाई रोज एसटीत माझ्याशेजारी बसायची. सुजलेल्या पायांतल्या चपला काढायची, डोळे मिटायची आणि विचारायची, "ताई, काल मालिकेत काय झालं?"

एकदा मी म्हटलं, "तुम्हीच का नाही बघत?"

"आमचा टीव्ही कधीचा बंद हाय. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना जाऊन सांगते. एरवी माझ्याशी शब्द बोलत नाय त्या."

मालिका संपली, तेव्हा तसं सांगायला माझी जीभ रेटेना. मी दमले होते, धड काही रचायलाही सुचेना. "सून घर सोडून गेली," मी ठोकून दिलं.

ती डोळे न उघडताच म्हणाली, "संपली ते कळलं मला कामावर. तुम्ही सांगत राहा. तेवढं सुनेला परत आणा, नायतर सासूबाई जेवायच्या नाय."

घोटी येईपर्यंत मी सुनेला घरी आणलं.