मठ्ठ्यात बुडवलेलं घड्याळ

घड्याळाचे भाग पेट्रोलमध्ये धुताना अजून जबलपूरची ती पंगत आठवते. भारी विदेशी घड्याळाची एक हुबेहूब नक्कल मी महिनाभर खपून दुरुस्त केली होती आणि भाचीच्या साखरपुड्याला हौसेनं घातली होती. ती नक्कल आहे, हे मी कुणापासून लपवलं नव्हतं. तरी ताईच्या नवऱ्यानं भर पंगतीत ती माझ्या मनगटावरून ओढली. "असली घड्याळ तर पाण्यातही चालते. चलो, पाहू!" म्हणत त्यानं ती मठ्ठ्याच्या ग्लासात सोडली. सगळे हसले, ताईसुद्धा. मी घड्याळ बाहेर काढलं आणि तो मठ्ठा त्याच्या कुर्त्यावर ओतला. तेव्हापासून आमचं येणंजाणं बंद आहे. परवा ताईचा फोन आला, "त्यांची माफी मागून टाक ना." मी विचारलं, "तू काहून हसली होती?" तिनं फोन ठेवला.