तिसऱ्यांदा विचारलं की

नकार देण्यात आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूचा हात धरणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात सापडायचा नाही. सोलापूरहून मास्टर्स करायला कॉव्हेंट्रीत आलेला हा मुलगा कुणी काहीही देऊ केलं की आधी दोनदा ‘नको’ म्हणे आणि तिसऱ्यांदा लाजत घेई. त्याच्या घरची रीतच तशी, पहिल्या विचारण्याला हो म्हणेल तो हावरा. माझ्याकडे ते खपून जाई, कारण आग्रहात मी कुणाला हार जात नाही. पण इंग्रज माणूस एकदाच विचारतो आणि ‘नको’वर विश्वास ठेवतो. शेजारच्या आजीबाईंनी केक पुढे केला, हा ‘नो, नो’ म्हणाला, त्यांनी डबा बंद केला. वर्गातल्यांनी गाडीतून सोडू का विचारलं, तर हा भर पावसात बसस्टॉपवर उभा. वर मलाच समजावी, की पुन्हा विचारतील काकू, आत्ता घाईत असतील.

एकदा युनिव्हर्सिटीतून आला तो तरंगतच. प्रोफेसरबाईंनी त्याला स्कॉलरशिपसकट पीएचडीची जागा देऊ केली होती. त्याच जागेसाठी तो वर्षभर लायब्ररीत मुक्काम ठोकून होता. देवापुढे साखर ठेवता ठेवता मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

“नको म्हणालो. पहिल्यांदाच तर विचारलं ना त्यांनी.”

“आणि त्या?”

“नो प्रॉब्लेम म्हणाल्या.”

मी साखरेची वाटी खाली ठेवली. त्या बाई आता दुसऱ्या कुणाला तरी विचारणार हे सांगितल्यावर पोराचा चेहरा पार उतरला. मग मी प्रोफेसर झाले, चकलीची बशी पीएचडी झाली आणि संध्याकाळभर तालीम चालली. दहाव्या खेपेला कुठे त्याच्या तोंडून पहिल्याच विचारण्याला ‘येस, प्लीज’ निघालं. सकाळी मीच त्याला गाडीतून सोडलं आणि खाली थांबले. तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी दुसऱ्याला ईमेल लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची राहिली होती.

आता पीएचडीसाठी तो युनिव्हर्सिटीजवळ राहतो. परवा आला तेव्हा जेवतोस का विचारलं, तर पटकन ‘हो’ म्हणाला. पोरगं इथे रुळलं म्हणून बरं वाटलं, आणि खरं सांगते, वाईटही वाटलं. मी लगेच वाढायला घेतलं. तो जरा घुटमळला.

“काकू, तुम्ही परत विचारा ना. तिकडे कुणीच परत विचारत नाही.”

मी परत विचारलं. “नको, नको,” तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं.