दाखवतो सत्तर, भरतो चौऱ्याऐंशी

काटेमामांच्या हातातून माउस निसटला आणि वायरीला लोंबकळत टेबलाच्या पायावर आपटला. स्वयंपाकघरातून मामीनं विचारलं, "मेले का मी?"

मेलीच होती. पडद्यावर निळ्या कोटातली नेमबाज बाई मोडक्या भिंतीपाशी आडवी झाली होती आणि तिच्या डोक्यावर 'मामी' एवढी पाटी शिल्लक होती. आठ वर्षांत मामी एकदाही मेली नव्हती. आज सकाळच्या चहाआधी मेली, आणि तिच्याही आधी हेडक्लार्क आणि ड्रायव्हर गेले. मामांचा आ वासला तो मिटायचं नाव घेईना.

काटेमामांचं खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवून सांगावं लागतं. चौतीस वर्षं ते वजनमापाच्या खात्यात निरीक्षक होते. पितळी वजनांची लाकडी पेटी खांद्याला, आणि बाजारात शिरले की दुकानदारांची पाचावर धारण. काटा खरा निघाला तर त्यावर शिक्का मारायचे, खोटा निघाला तर तिथंच सील करायचे. चहासुद्धा कुणाचा घेतला नाही. अंगानं वाळक्या शेंगेसारखा माणूस, पण बाजारातून चालला की तराजूसुद्धा सरळ उभे राहायचे म्हणतात.

निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने खाटेवर पडून राहायचं म्हटल्यावर घरच्यांना त्यांचा काच सुरू झाला. मामीची डाळ मोज, तेल मोज, गोळ्यांची बाटली उलटी करून गोळ्या मोज. शेवटी मुलानं कॉम्प्युटरवर 'नाकेबंदी' नावाचा खेळ घालून दिला आणि घर सुटलं.

खेळ साधा. चौकटी आखलेलं मैदान, सहा गडी तुमचे, सहा समोरच्याचे. तुम्ही तुमची पाळी खेळायची, मग तो त्याची. कुणी कुणाला घाई करत नाही, भिंतीआड बसून तासभर विचार केलात तरी चालतं. मामांना ही शिस्त आवडली. गड्यांना नावं द्यायची सोय होती, तर त्यांनी सगळं जुनं हापीस तिथं भरती केलं. फक्त नेमबाज म्हणून मामीला घेतलं, कारण त्यांच्या मते तिचा शब्द संसारात कधी वाया गेला नव्हता.

पण मामा खरे अडकले ते आकड्यात. गडी गोळी झाडण्याआधी पडद्यावर दिसायचं, नेम लागण्याची शक्यता शंभरात किती. सत्तर, पंचावन्न, नव्वद. जिथं आकडा आहे तिथं तो तपासलाच पाहिजे. मामांनी एक डाव साठवून ठेवला, तोच पुन्हा पुन्हा उघडून सत्तर दाखवणारी गोळी दोनशे वेळा झाडली, वहीत रेघा मारल्या आणि खेळ पास केला. त्यावर चार पानं लिहून खेळाडूंच्या एका संकेतस्थळाला धाडली. तिथला संपादक खूश झाला. चित्रं आणि संगीत यावर लिहिणारे त्याच्याकडे पुष्कळ होते, रेघा मारणारा कुणी नव्हता.

तेव्हापासून डावपेचाचा कुठलाही खेळ आला की काटेमामांकडं जायचा. त्यांच्या लेखाखाली एकच ओळ असायची, 'काटा खरा' किंवा 'काटा खोटा', आणि लोक वरचं सगळं सोडून आधी ती वाचायचे. शिवाय मामांचा एक विक्रम होता. नाकेबंदीच्या बत्तीस मोहिमा त्यांनी एकही माणूस न गमावता मारल्या होत्या. दुसऱ्या एखाद्या खेळात कुणी नेम लागत नाहीत म्हणून रडला की मामा लिहायचे, आधी उभं कुठं राहायचं ते शिका.

आता आठ वर्षांनी 'नाकेबंदी दोन' आला होता. संपादकानं तो लोकांच्या आधी पाठवला आणि गुरुवारी पाचपर्यंत लेख हवा म्हणून सांगितलं. ज्या थोड्यांना तो मिळाला होता ते सगळे बोंबलत होते की हा खेळ फसवतो. काटेमामा काय म्हणतात याकडं डोळे लागले होते.

मामांनी आधी सरावाच्या मैदानावर बाकीचं पाहून टिपून घेतलं. भिंती आता गोळीनं फुटतात, हे बरं केलं. छतावर चढता येतं, हे फारच बरं केलं. अक्षरं मुंगीएवढी केलीत, ती बनवणाऱ्याला चष्मा लागो. इथवर हात मजेत चालला होता. मग पहिल्या मोहिमेला बसले, आणि सत्तर दाखवून मामी तीनदा चुकली. चौथ्यांदा तिला गोळी चालवायला पाळीच मिळाली नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत अकरा माणसं गेली. एवढी तर अख्ख्या हापिसात नव्हती. मामांनी जेवण अर्धं टाकलं आणि लेखाचा मसुदा लिहून काढला. शेवटची ओळ ठसठशीत होती: काटा खोटा.

मसुदा धाडायच्या आधी रेघा मारणं भाग होतं. त्यांनी सुनेला बसवलं. सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिची बुधवारी सुट्टी असते, आणि मोजताना ती मामांसारखीच गप्प बसते. मामांनी सत्तरची गोळी दोनशे वेळा झाडायची, तिनं रेघ मारायची असं ठरलं. जेवणाच्या वेळेला दोनशे भरल्या. सुनेनं बेरीज केली.

"एकशे एक्केचाळीस लागल्या, मामा."

मामा म्हणाले, चूक आहे, परत मोज. तिनं परत मोजलं. मामांनी स्वतः मोजलं. मग म्हणाले, डावच चुकीचा घेतला, दुसरा घेऊ. दुपारभर पुन्हा दोनशे झाडल्या. एकशे एकोणचाळीस लागल्या. शंभरात सत्तर म्हणजे दोनशेत एकशे चाळीस. एकीकडं एक जास्त, दुसरीकडं एक कमी. पेढीवरचं सोनं तोलायचा काटासुद्धा इतका बिनचूक मामांनी क्वचित पाहिला होता.

मामांनी दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडल्या. म्हणाले, असं होणारच नाही. पहिल्या नाकेबंदीत सत्तर दाखवला की मामीच्या हातून काय कमाल व्हायची, आणि इथं मुडदे पडतायत. दोन्ही काटे खरे कसे असतील? थांब, तुला पहिल्याची वही दाखवतो, खरा काटा कसा असतो ते बघ.

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून वही काढली. आठ वर्षांची धूळ फुंकली. पान सापडलं, रेघा मोत्यासारख्या, खाली मामांचंच वळणदार अक्षर. मामा मोठ्यानं वाचायला लागले, "दाखवतो सत्तर. झाडल्या दोनशे. लागल्या एकशे अडुसष्ट. भरतो चौऱ्याऐंशी. कमी नाही..."

पुढं एकच शब्द होता, 'पास'. तो त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

मामा उभे होते ते खुर्चीचा अंदाज न घेता बसले, आणि नशीब खुर्ची तिथंच होती. आठ वर्षं आकडा त्यांच्याच घरात, त्यांच्याच अक्षरात पडून होता. खेळ सत्तर सांगून चौऱ्याऐंशी देत होता, मापात चौदा जास्त टाकत होता, आणि चौतीस वर्षांचा निरीक्षक खाली 'कमी नाही' लिहून मोकळा झाला होता.

मग ते पुटपुटले, की त्यांच्या हापिसात रीतच तशी होती. गिऱ्हाइकाला कमी जातंय का एवढंच बघायचं. जास्त जाणाऱ्या काट्याची तक्रार घेऊन कोण येणार.

सूनबाईनं वहीवरून मान वर केली नाही. म्हणाली, "आमच्याकडं आकडा जास्त आला तरी तो रोगच असतो, मामा."

मामी दारात हात पुसत उभी होती. तिला खेळातलं काही कळत नाही, पण नवरा कळतो. म्हणाली, "आला होता की एक. भुसार दुकानवाला. काटा जास्त देतोय म्हणून स्वतःच्या पायानं घरी आला होता, ह्याच खोलीत. तुम्ही त्याला हसलात. म्हणालात, गिऱ्हाईक बोंबलतंय का? नाही ना? मग जा."

मामांना तो माणूस आठवत नव्हता. मग हळूहळू आठवला. टोपी काढून हातात धरलेली, आणि चप्पल उंबऱ्याबाहेर. त्या माणसाचं पुढं काय झालं हे त्यांनी मामीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. दुकान नंतर दिसलं नाही एवढं ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मामा जेवले, पण काय जेवले ते त्यांना विचारू नये. बत्तीस मोहिमांचा हिशोब डोक्यात फिरत होता. मामीच्या किती गोळ्या मामीच्या होत्या आणि किती खेळानं मागून ढकलल्या? ज्यांना उभं राहायला शिका म्हणून झापलं ते बहुतेक बरोबर उभे होते. एवढं मात्र त्यांना कळून चुकलं की भिंतीआड बसून केलेला तासभराचा विचार म्हणजे निम्मा देखावाच होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी मसुदा फाडला आणि नवा लिहिला. भिंती, छत, मुंगीएवढी अक्षरं, सगळं होतं तसं ठेवलं. शेवटी लिहिलं: नाकेबंदी दोन, काटा खरा. नाकेबंदी एक, काटा खोटा, खेळणाऱ्याच्या बाजूनं. मोजणी माझीच होती, आकडा समोर होता, तरी मी शिक्का मारला. तो शिक्का रद्द. माझ्या बत्तीस मोहिमा कुणी धरू नयेत.

तीन वाजता संपादकाचा फोन आला. त्याला वाटत होतं मामांना बरं नाही. तो समजावून सांगू लागला की लोक चिडलेत, त्यांना खेळ फसवतो असं ऐकायचंय, आणि हे छापलं तर हसतील ते खेळाला नाही, तुम्हाला. पहिल्या भागाचा उल्लेख तेवढा गाळू, कुणाच्या लक्षात यायचं नाही.

मामा म्हणाले, "माझ्या लक्षात आलंय."

लेख पाचला लागला आणि सहाला शिव्या सुरू झाल्या. कुणी म्हणालं म्हातारा विकला गेला. कुणी म्हणालं आठ वर्षं आम्हाला शिकवत होता, त्याला स्वतःलाच येत नाही. सूनबाई वाचून दाखवत होती. दुसरं वाक्य ऐकल्यावर मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, हा बरोबर बोलला.

शुक्रवारी सकाळी नवी मोहीम घेतली. नवे सहा गडी. मामीला पुन्हा भरती केलं, आणि शेवटच्या जागेवर भुसारवाला म्हणून एकाला घेतलं. पहिल्याच वळणावर शत्रू दिसला. मामीच्या डोक्यावर आकडा आला, सत्तर.

मामांनी बोट बटणावर नेलं आणि परत घेतलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या आकड्यातले उरलेले तीस दिसले. तिला दोन चौकटी मागं, शाबूत भिंतीच्या आड ओढली, भुसारवाल्याला छतावर चढवलं, आणि मगच झाडली.

नेम चुकला. शत्रूजवळची भिंत तेवढी फुटली, मामी बसलेली होती तशी राहिली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज किती वाजता मेले?"

"अजून नाही," मामा म्हणाले. "बस जरा गप. समोरच्याची पाळी आहे."